सविता भोये यांची दुरुस्ती

दिनेश कापडणीस हा माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर पुढचं वाचून कोणाचाही तसा समज व्हायचा. शेजाऱ्याची गाडी सुरू झाली नाही तर इस्त्रीच्या कपड्यांनिशी ढकलायला उतरणारा हा माणूस. सटाण्याकडचं कोणीही दवाखान्यासाठी नाशिकला आलं की मुक्काम याच्या गंगापूर रोडच्या फ्लॅटवर, आणि त्याबद्दल त्याच्या कपाळावर कधी आठी दिसली नाही. पण संध्याकाळी कॉम्प्युटरसमोर बसला की त्याच्या अंगात कोणीतरी खाष्ट हेडमास्तर संचारायचा.

त्याला कारण होतं 'शिदोरी'. हे त्याने नऊ-दहा वर्षांपूर्वी फावल्या वेळात लिहिलेलं सॉफ्टवेअर. काम अगदी साधं. जिथे नेटवर्क नाही तिथे मोबाइलवर भरलेला फॉर्म जपून ठेवायचा, आणि नेटवर्क आलं की पुढे पाठवायचा. शिदोरी ओपन सोर्स होती, म्हणजे सगळ्यांना खुली. कोणीही फुकट न्यावी, आत उघडून बघावी, चूक दिसली तर दुरुस्त करून दिनेशकडे पाठवावी. त्याने तपासून ती आत घेतली की दुरुस्ती करणाऱ्याचं नाव त्या ओळींवर कायमचं लागतं. बाकी काही मिळत नाही. जगभरातली माणसं एवढ्या एका नावासाठी रात्रंदिवस राबतात, आणि ते नाव लावायचं की नाही हे ठरवतो मेंटेनर, म्हणजे राखण करणारा. शिदोरीचा मेंटेनर एकटा दिनेश.

सुरुवातीला त्याला याचा आनंद होता. कुठल्या कुठल्या देशांतल्या आरोग्यसेविका आपलं सॉफ्टवेअर वापरतात, हे तो घरी आलेल्या पाहुण्यांना नकाशावर दाखवायचा. मग तक्रारी वाढल्या. ओळख ना पाळख, एक पैशाचं काम न करता लोक "अजून का झालं नाही?" म्हणून फैलावर घ्यायला लागले. दिनेशने मग नियम केले. एका वेळी एकच बदल. प्रत्येक बदलासोबत त्याची चाचणी. कोडमधली नावं इंग्रजी, चर्चा इंग्रजी. नियम वाढत गेले आणि त्याची उत्तरं लहान होत गेली.

"मी शाळेत वह्या तपासते, पण एवढं लाल पेन मीसुद्धा वापरत नाही," त्याची बायको संध्या म्हणायची. ती हायस्कूलला गणित शिकवायची, त्यामुळे तिला बोलायचा अधिकार होता. दिनेश हसून सोडून द्यायचा.

तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात एस. भोये या नावाने एक दुरुस्ती आली. भोये म्हणजे पेठ-सुरगाण्याकडचं आडनाव, हे नाशिक जिल्ह्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. आपल्याच भागातलं कोणीतरी, असं दिनेशच्या मनात आलंही, पण तो तसं बोलला नाही. मेंटेनरने ओळखीपाळखीत पडू नये, असं त्याचं तत्त्व होतं.

दुरुस्तीसोबतचं इंग्रजी मोडकंतोडकं होतं, मुद्दा मात्र स्वच्छ होता. नोंद पाठवताना नेटवर्क मध्येच गेलं तर शिदोरी ती नोंद पोचली असं समजते आणि मोबाइलवरून पुसून टाकते. पलीकडे काहीच पोचलेलं नसतं. त्यामुळे गरोदर बायकांच्या तपासण्यांच्या नोंदी गायब होत आहेत, आणि बोलणी खातात बिचाऱ्या नर्स. उपाय असा, की समोरून पोच आल्याशिवाय नोंद पुसायची नाही.

दिनेशने आपल्या घरी करून पाहिलं. घरात फायबरचं इंटरनेट. नोंद सुटली काय आणि पोचली काय, डोळ्याचं पातं लवायच्या आत. 'मला असं होताना दिसत नाही,' त्याने कळवलं. 'चाचणी जोडा.'

चाचणी आली. ती नीट मांडलेली नाही म्हणून परत गेली. पुन्हा आली. मग त्याने दोन बदल एकत्र केलेत, वेगळे करा, असं सांगितलं. तेही झालं. एका ठिकाणी 'पोच' असं मराठी नाव वापरलंय, ते नियमात बसत नाही, असं त्यानंतर सांगितलं. प्रत्येक वेळी उत्तर द्यायला त्याला तीन-तीन आठवडे लागायचे, आणि समोरून दोन दिवसांत काम होऊन यायचं. एकदा मात्र तिकडून मराठीत मजकूर आला.

'सर, एकदा इथे येऊन बघा. टेकडीवर गेलं की नेटवर्कच्या दोन काड्या येतात, खाली उतरलं की जातात. आमच्या नर्सताई टेकडीवर उभं राहून पाठवतात. तेवढ्यात पाऊस आला तर पळतात. तुम्ही पाहिलंत तर लगेच कळेल. — सविता'

साठ-सत्तर किलोमीटरवरून आलेला निरोप. रविवारी गाडी काढली असती तर दुपारी जेवायला घरी परत आला असता. दिनेशने उत्तर दिलं, तेही इंग्रजीत: 'सर्वांना समजावं म्हणून कृपया चर्चा इंग्रजीत ठेवा.'

जानेवारीत परदेशातल्या एका मोठ्या संस्थेकडून नेमकी हीच तक्रार आली. त्यांची हजारो माणसं शिदोरीवर. आता मात्र दिनेशची झोप उडाली. संक्रांतीच्या आधीचा रविवार होता. स्वयंपाकघरात संध्या तिळगूळ वळत होती, आणि हा बाहेर खुर्ची ओढून बसला. एका बाजूला त्याने सविताची दुरुस्ती उघडून ठेवली. नुसती संदर्भाला, असं त्याने स्वतःला सांगितलं. त्यात अजून दोन-तीन बारीक गोष्टी नियमात बसत नव्हत्या. त्या तिला कळवायच्या, तिने करायच्या, पुन्हा तपासायचं, यात आठवडा जाणार. त्यापेक्षा आपणच लिहून टाकावं. तीन तासांत त्याने लिहून टाकलं. शिदोरीत ते शिरलं, आणि त्या ओळींवर नाव लागलं दिनेश कापडणीस.

सविताच्या दुरुस्तीखाली त्याने एक ओळ टाकली: 'वेगळ्या बदलात दुरुस्त केलं आहे. बंद करत आहे.' धन्यवाद म्हणायचं राहिलं. राहिलं म्हणजे सुचलंच नाही.

दोन दिवसांनी तिचं उत्तर आलं. 'सर, हे माझ्यासारखंच आहे. एकदा बघाल का?' नेमकं त्याच सकाळी त्या मोठ्या संस्थेने त्याचं जाहीर कौतुक केलं होतं. अशा वेळी असलं काही वाचायला कोणाला आवडतं? आली लगेच श्रेय मागायला, असं त्याला वाटलं. अशा पानांवर चर्चा कायमची बंद करायचं एक बटण असतं. त्याने ते दाबलं.

पुढची गोष्ट मार्चमधली, आणि ती दोन मिनिटांत घडली. पुण्यातल्या एका संस्थेकडून मेल आला. आरोग्याची सॉफ्टवेअर करणारी संस्था. सविता भोये नावाच्या उमेदवार आमच्याकडे मुलाखतीला आल्या होत्या. गावात राहून, घरूनच करायची कायम नोकरी आहे. शिदोरीतली अमुक दुरुस्ती आपली आहे असं त्या सांगतात. नोंदीत तर आपलं नाव दिसतं. कृपया खुलासा करावा.

नाव वाचताच दिनेशला सगळं आठवलं. टेकडी आठवली, दोन काड्या आठवल्या, संक्रांतीचा रविवार आठवला. आणि 'एकदा बघाल का' हेही आठवलं, आणि त्यासरशी नाकावर जुना रागही आला. शिदोरीला हात लावणाऱ्या सगळ्यांची यादी कॉम्प्युटर एका आज्ञेत काढून देतो. त्याने ती काढली, त्यात भोये शोधलं. सापडलं नाही. कसं सापडणार? त्याने उत्तर लिहिलं: 'आमच्या योगदान देणाऱ्यांच्या यादीत हे नाव नाही.'

यात एक अक्षर खोटं नव्हतं. मेल पाठवून तो जेवायला उठला, आणि जेवणही व्यवस्थित गेलं.

या गोष्टीला अडीच वर्षं झाली. या नोव्हेंबरात कॉलेज रोडवरच्या एका हॉलमध्ये सॉफ्टवेअरवाल्यांचं छोटंसं संमेलन भरलं होतं. दिनेशने शिदोरीवर भाषण केलं, टाळ्या घेतल्या, आणि चहाच्या वेळी हातात चिवड्याची बशी घेऊन उभा होता. पुण्याच्या त्याच संस्थेतला अमित जोगळेकर नावाचा गृहस्थ हसत पुढे आला.

"कापडणीस सर, तुमचे आभार मानायचे राहिलेच होते. त्या बाईंबद्दल तुम्ही आम्हाला वेळीच सावध केलंत."

"कोणत्या बाई?" दिनेशने विचारलं. खरं तर त्याला कळलं होतं.

"त्या पेठच्या. तुमचं काम चक्क स्वतःचं म्हणून सांगत होत्या हो! आणि आत्मविश्वास केवढा. ओळ न् ओळ समजावून सांगितली. आम्ही जवळजवळ घेतलंच होतं त्यांना."

'ते काम त्यांचंच होतं.' चार शब्दांचं वाक्य. दिनेशच्या ओठांपर्यंत आलं. आजूबाजूला माणसं होती, त्याच्या भाषणाचं कौतुक चाललं होतं. तो "हो, हो" म्हणाला आणि चिवड्याचा बकाणा भरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने दोन्ही दुरुस्त्या शेजारी शेजारी उघडल्या. एक सविताची, एक स्वतःची. अडीच वर्षांत पहिल्यांदाच तो तिची दुरुस्ती वाचत होता. आधी नुसती तपासली होती. पायऱ्या त्याच. क्रम तोच. नोंद दुसऱ्यांदा गेली तर ती आधीचीच आहे हे ओळखायची युक्तीही तीच, आणि ही युक्ती आपल्याला सुचली असं तो कालच्या भाषणात हातवारे करून सांगून आला होता. खाली एके ठिकाणी त्याच्या स्वतःच्या ओळीत 'पोच' हे नाव होतं. जे त्याने तिला बदलायला सांगितलं होतं आणि तिच्याकडून एका जागी राहून गेलं होतं, तेच. उतरवून घेताना त्याच्या लक्षातही आलं नव्हतं.

संध्या मागे येऊन उभी राहिली. त्याने तिला सगळं सांगितलं, त्या मेलसकट.

"वर्गात एका मुलीची वही घेऊन दुसऱ्याने उत्तर लिहिलं तर मी काय करते, माहितीये?" ती म्हणाली. "पण तिथे निदान उत्तर लिहिणारा मास्तर नसतो रे."

दिनेशने अमितला लांबलचक मेल लिहिला, कबुली दिली. दुपारी उत्तर आलं: माहितीबद्दल आभारी आहोत, ती जागा तेव्हाच भरली. मग त्याने शिदोरीच्या यादीत सविता भोये हे नाव घातलं, आणि ही दुरुस्ती मूळ त्यांची आहे, माझी नाही, असं पहिल्याच पानावर लिहिलं. शेवटी तिला मेल केला. मराठीत. भेटायला येऊ का, असं विचारलं. तीन दिवसांनी उत्तर आलं.

'या. शनिवारी मी घरी असते. करंजाळी सोडलं की डावीकडे वळा, मग कोणालाही विचारा.'

शनिवारी त्याने गाडी काढली. पेठ रोडने सावळघाट चढताना मोबाइलच्या काड्या एकेक करत गेल्या, हे त्याने मुद्दाम पाहिलं. काय बोलायचं याची त्याने घरूनच तयारी केली होती. माफी मागायची, यादीतलं नाव दाखवायचं, आणि मग विचारायचं, की माझ्याबरोबर शिदोरीच्या मेंटेनर व्हाल का. शेवटचं आठवून त्याला जरा हुशारी वाटत होती.

घर सापडायला त्रास झाला नाही. अंगणात सविताची सासू ठमाबाई सुपात नागली पाखडत बसली होती. "बस ना भाऊ," ती खाटेकडे बोट दाखवत म्हणाली. "येतेच हाय ती. तुम्ही नाशिकचे सर ना? तिनं सांगितलं व्हतं."

सविता कोरा चहा घेऊन बाहेर आली. पस्तिशीची असेल. आवाज हळू, पण नजर थेट. दिनेशने तिचं असं काही चित्र मनात काढलं नव्हतं, आणि तेही त्याला आता लागलं. पाच महिने एका बाईशी बोलत होतो, आणि ती कोण, कशी, हे एकदाही मनात आलं नाही.

तो बोलला. तयारी केलेलं निम्मं विसरून, अडखळत बोलला. मोबाइलवर आधीच उतरवून आणलेलं पान त्याने तिला दाखवलं. तिने ते शेवटपर्यंत वाचलं.

"छान," ती म्हणाली आणि मोबाइल परत दिला. "चहा घ्या, गार होईल."

"आमची दुरुस्ती यायला उशीर झाला त्या वर्षी," दिनेश म्हणाला. "तोवर तुमचं फार नुकसान झालं असेल."

"नाही हो. मी माझीच टाकून ठेवली होती आमच्या चार उपकेंद्रांत. त्या पावसाळ्यात एकही नोंद हरवली नाही." हे सांगताना तिचा चेहरा पहिल्यांदा जरा उजळला. "नर्सताया अजून सांगतात."

"मग आता शिदोरीचं काम बघाल का माझ्याबरोबर? मेंटेनर म्हणून. बरोबरीने."

तिने मान हलवली. "मी ते सोडलं, सर. आरोग्य केंद्रावर डेटा भरायचं कंत्राटी काम आहे, ते करते. घरी आल्यावर शेती. मुलाखतीनंतर लॅपटॉप उघडावासा वाटेना. इथे सगळ्यांना सांगून बसले होते ना, की नोकरी लागणार म्हणून."

"माझ्या उत्तरामुळे," दिनेश म्हणाला.

"दुसऱ्यांदा बोलावलं तेव्हा तिघं होते स्क्रीनवर. त्यांनी तुमचं उत्तर वाचून दाखवलं. मी म्हटलं, सर खोटं बोलणार नाहीत. त्यांच्याकडे शेकडो लोकांचं काम येतं, माझं नाव कुठे लक्षात राहणार? विसरले असतील." ती सासूच्या सुपाकडे बघत होती. "घरी यांनाही तेच सांगितलं. हे लय चिडले होते, नाशिकला जाऊन भांडतो म्हणत होते. मी म्हटलं, मोठी माणसं, विसरतात. त्यात राग काय धरायचा?"

मग ती त्याच्याकडे वळली आणि अगदी सहज, पाहुण्याला साखर पुरे का विचारावं तसं, तिने विचारलं, "विसरलाच होतात ना तुम्ही?"

दिनेशच्या हातात कप तसाच राहिला. हो म्हणणं किती सोपं होतं. तिला हवं होतं तेच उत्तर होतं ते. पण तो घरून खरं बोलायचं ठरवून निघाला होता. खरं बोलून मोकळं व्हायची घाई त्याला झाली होती. त्या खऱ्याचं पुढे तिने काय करायचं, हा विचार त्याने घाटभर केला नव्हता.

"नाही," तो म्हणाला. "आठवत होतं. नाव वाचल्याबरोबर सगळं आठवलं होतं. तरी तसं लिहिलं."

सविताने दिनेशच्या हातातला कप घेतला, स्वतःचाही उचलला. दाराशी गेल्यावर थांबली.

"एवढं नसतं सांगितलं तरी चाललं असतं, सर," ती म्हणाली आणि आत गेली.

ठमाबाईने सूप बाजूला ठेवलं. तिला काय झालं ते कळलं नव्हतं. तिने दाराकडे तोंड करून हाक मारली, "सविता, भाऊला भाकर टाकायची ना गं?"

ठमाबाईने पुन्हा विचारलं. दिनेश खाटेवरून उठला आणि अंगणाच्या कडेला जाऊन बूट घालायला लागला.